रानाची शेजपाळी

दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांमधून उतरलेले नसतात, तोच सावेडीत मेंढरं दिसू लागतात. नगर-मनमाड रस्त्यानं, सकाळच्या कोवळ्या उन्हात, ट्रक आणि शाळेच्या गाड्यांमधून वाट काढत एक काळा-पांढरा लोंढा हलत येतो. पुढं एखादा म्हातारा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याच्यामागं माना खाली घातलेली, अंगाला अंग लावून चालणारी जनावरं. सगळ्यात शेवटी घोडी, आणि घोडीवर अख्खा संसार: गुंडाळलेली वाघर, पातेली, पाण्याचे कॅन, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि झोळीतून डोकी बाहेर काढून बघणारी नुकती जन्मलेली कोकरं. घोडीचा कासरा धरून चालणारी बाई कोणाकडं बघत नाही. प्रेमदान चौकात हॉर्नचा कल्लोळ उठतो, कोणी काच खाली करून चार शब्द सुनावतो. तिचं लक्ष मागं रेंगाळलेल्या लंगड्या मेंढराकडं असतं. लोंढा जातो. डांबरावर लेंड्या उरतात आणि हवेत लोकरीचा ओलसर उग्र वास बराच वेळ रेंगाळतो.

मला तो वास आवडतो. तो आला की ही कॉलनी, हे चौक, पाइपलाइन रोडवरची दुकानांची रांग, भिस्तबागेकडं पसरत गेलेल्या इमारती या सगळ्याच्या खाली अजून एक जमीन आहे याची आठवण होते. सावेडी हे आधी गाव होतं, मग नगर शहराचं उपनगर झालं. गावठाणातली म्हातारी माणसं अजून सांगतात की गुलमोहर रोडच्या आजूबाजूला ज्वारी उभी असायची आणि ती निघाली की मेंढरांचे वाडे, म्हणजे कळप आणि त्यांच्यामागची बिऱ्हाडं, तिथं पडायचे. मेंढरं सावेडीत आलेली नाहीत. सावेडी त्यांच्या वाटेवर येऊन बसली आहे.

ही वाट फार जुनी. आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. सह्याद्री पाऊस अडवतो आणि उरलासुरला आपल्याकडं पाठवतो. या कमी पावसावर कुसळी, पवना, मारवेल अशी गवतं वाढतात, आणि त्या गवतांवर दख्खनी मेंढी जगते. तिला चिखल सोसत नाही. खुरं कुजतात, अंगावरची लोकर भिजून जड होते. म्हणून पावसाळ्यात धनगर घरच्या माळावर असतो. माळ वाळायला लागला की बिऱ्हाड हलतं. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीसारख्या गावांतून कितीतरी वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, कारण तिथं भात कापून झालेलं असतं आणि खाचरं मोकळी पडलेली असतात. काही वाडे घाट उतरत नाहीत. ते प्रवरेच्या, मुळेच्या, गोदेच्या काठानं सरकत राहतात. मृगाची चाहूल लागली की सगळे घराकडं वळतात. या साऱ्या फिरण्यात एक हिशेब आहे: शेतकऱ्याचं पीक ज्या दिवशी संपतं, त्या दिवशी मेंढराचं सुरू होतं.

माझ्या मामाचं रान राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्याखाली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं असायचो. हा हिशेब मी तिथं डोळ्यांनी पाहिला. चैत्रात ज्वारी काढून, कडबा गंजीला लावून झाला की मामा वेशीवर चौकशी करायचा, वाडा कुठवर आला. एका संध्याकाळी वाडा यायचा. पुढारी धनगर बांधावर उभा राहायचा, आत पाय टाकायचा नाही.

"राम राम मालक. औंदा बसवायची का मेंढरं?"

"बसवायची तर हाय. पर खालच्या तुकड्यात घास उभाय, तिकडं जाऊ द्यायची न्हाई."

"न्हाई जात. पोरगं ठिवतो तिथं."

एवढ्यावर करार व्हायचा. बोली शंभर मेंढरांमागं, रात्रीच्या हिशेबानं; आजीच्या काळी ती पायलीनं, ज्वारीत, पुढं पैशात. मग वाघर सोडली जायची. सुतळीच्या जाड जाळीला ठरावीक अंतरावर मेखा, त्या दगडानं ठोकायच्या, गोल पुरा करायचा, आणि दिवस बुडताना मेंढरं आत घालायची. ती एकमेकांना खेटून बसायची, रवंथ करायची, आणि रात्रभर रानाला खत मिळत राहायचं. लेंडीही आणि मूतही, जागच्या जागी, ओलं असतानाच. दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकायची. मग पुढची पट्टी. आठ-दहा दिवसांत सगळं रान असं चोपून निघायचं. पहिल्या पावसानंतर मामा मातीचा मुटका करून नाकाला लावायचा आणि काही न बोलता माझ्या हातात द्यायचा. मेंढरं बसलेल्या रानातली बाजरी पुढची दोन-तीन वर्षं लांबून ओळखू यायची. तिच्या पानांचा हिरवा रंगच वेगळा.

त्या वाड्यावरच्या बायकांचा दिवस मी बघायचो. तीन दगडांची चूल, पाठीशी झोळीतलं लेकरू, मांडीवर दूध न पिणारं कोकरू. आजी त्यांना ताक पाठवायची, त्या आजीला लोकरीची गादी पिंजून द्यायच्या. कोणाची मेंढी कुठं व्याली, कोणाच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं, मागच्या वर्षीचा कुत्रा कसा मेला, या गोष्टी वर्षाच्या वर्षाला पुढं चालू राहायच्या. मालक आणि पाव्हणा यांच्यात कागद नव्हता. त्यांच्यात मागचं वर्ष होतं आणि पुढचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी परत याच बांधावर उभं राहायचं आहे, हे दोघांना माहीत असायचं. म्हणून दोघंही शब्दाला जपायचे.

धनगराला रानाची आपल्याइतकीच, कधी आपल्याहून जास्त माहिती असते. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून उन्हाळी पाण्यावर कोवळे फुटवे येतात. ते हिरवेगार दिसतात आणि मेंढराच्या पोटात विष होतात. एकदा मामाच्या शेजारच्या रानात असे फुटवे होते. पुढाऱ्यानं लांबूनच बघितलं, शिट्टी घातली आणि सगळा कळप बांधाच्या पलीकडून वळसा घालून नेला. तोंडाशी आलेला हिरवा घास त्यानं सोडून दिला. धनगर भुकेल्या जनावरांना रानात बेफाम सोडून देतो, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी तो वळसा बघायला हवा होता.

मग भांडण आलं कुठून?

भांडण पाण्याबरोबर आलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला. १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सत्तरच्या दशकात मुळेचं पाणी रानात फिरलं. त्यानंतर विहिरी खोल गेल्या, बोअर आले, शेततळी आली. यात वाईट काहीच नाही. ज्या जिल्ह्यानं १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, त्याला पाण्याचं मोल कोणी शिकवायला नको. पण पाण्यानं एक गोष्ट गिळली, जिचा हिशेब कोणी मांडला नाही. पूर्वी रान वर्षातले काही महिने रिकामं असायचं. आता खरिपाचा सोयाबीन निघाला की रब्बीचा कांदा, कांदा निघाला की उन्हाळी घास, मका, टरबूज. रानाला उसंत राहिली नाही. शेतकऱ्याची तीन पिकं झाली आणि धनगराचं एकुलतं एक पीक, म्हणजे तो रिकामा काळ, हातचं गेलं. आपण म्हणतो, भांडण जमिनीवरून आहे. माझ्या मते ते वेळेवरून आहे. तीच जमीन पूर्वी दोघांची होती, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत.

वाटांचंही तेच झालं. दोन गावांच्या शिवेवरून जाणारे शिवरस्ते, रानातून जाणाऱ्या पाणंदी या गाडीबैलाच्या आणि मेंढरांच्या वाटा. प्रत्येकानं नांगराच्या एकेका तासानं त्या आत घेतल्या. गावनकाशात वाट दिसते, जागेवर ऊस दिसतो. कळपाला जायला वाट नसली की तो पिकाच्या कडेनं जाणार, आणि शंभर तोंडांपैकी दहा तोंडं बाजूला वळणार.

असं एक भांडण मी जवळून पाहिलं आहे. पहाटेची वेळ, कांद्याचं रान, वाफ्यांतून पसरलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या. रात्री कळपाचा एक भाग वाघरीतून सुटला होता. पात कुरतडलेली, खुरांनी नळ्या फाटून तुषार उडत होते, मेंढरं त्या पाण्याला तोंड लावून उभी. शेतकरी तरुण होता, कर्ज काढून कांदा केलेला. तो आधी ओरडला आणि मग बोलताना त्याचा आवाज फुटला. धनगराचा पोरगाही तेवढ्याच वयाचा. त्याच्या हातात काठी होती, पण ती त्यानं जमिनीवर टाकून दिली होती. चार माणसं जमली, त्यातली दोघं मारायची भाषा करणारी. कोणी म्हणालं पोलिसांत द्या, कोणी म्हणालं मेंढरं कोंडवाड्यात घाला. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मध्ये पडून नळ्यांचे पैसे ठरवले. धनगरानं जवळचे होते ते दिले, बाकीच्यापोटी एक बकरं दिलं. पोराची आई लांब उभी होती. बकऱ्याला ओल्या रानातून ओढून नेत असताना तिनं तोंड फिरवलं. शेतकऱ्याचा कांदा काही त्या बकऱ्यानं भरून येणार नव्हता. त्या सकाळी दोन गरीब घरं अजून थोडी गरीब झाली.

कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे. इंग्रजांनी केलेला. त्याला पिकात शिरलेलं जनावर दिसतं, दंड दिसतो. जनावर तिथं का शिरलं, हे विचारायची सोय त्यात नाही.

हा तंटा आजचा आहे, असं मात्र मला म्हणायचं नाही. आपल्या गावोगावच्या देवळांसमोर वीरगळ उभे असतात. शेंदूर लागलेला, झिजलेला दगड. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन पडलेला माणूस, कित्येक दगडांवर त्याच्या बाजूला गाईगुरांची रांग. गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो. जनावरांवरून माणसं या भूमीत शतकानुशतकं मरत आली आहेत. आणि तितकीच शतकं इथल्या लोकांनी सोबत राहायची रीतही शोधली आहे. ती रीत त्यांनी दगडात कोरली नाही, देवाच्या संसारात ठेवली.

पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात, जमीन पिवळी होते. या देवाच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याची, घरादाराची, उंबऱ्यातली. बानू धनगराची, मेंढरांमागं हिंडणारी. बानूसाठी खंडोबा चंदनपुरीला गेला, तिच्या बापाच्या घरी चाकर राहिला, मेंढरं राखली. दोघींचं भांडण तर गाण्या-जागरणांतून घरोघर पोचलेलं. पण देवानं एकीला काढून दुसरीला ठेवलं नाही. दोघी राहिल्या, दोघींचे मान राहिले. गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन अभ्यासक धनगरांमध्ये वर्षानुवर्षं फिरला, त्यांच्या ओव्या त्यानं ऐकून टिपल्या. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या देवांवरचं त्याचं पुस्तक १९७६ साली आलं. माळावरचा मेंढपाळ आणि गावातला शेतकरी-व्यापारी या दोन जगांना हे देव कसे एकत्र बांधतात, हे त्यानं दाखवलं. कोरठणला भंडारा उधळणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर आणि धनगराच्या अंगावर एकच रंग असतो. यात्रेत जे जमतं ते बांधावर का जमू नये?

जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर आहे. अहिल्यादेवी १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मल्या. घर धनगराचं, आणि वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. गावकी सांभाळणारा आणि धनगर, दोन्ही एकाच उंबऱ्याच्या आत. त्या घरातली मुलगी पुढं नदीघाट, विहिरी, धर्मशाळा बांधते, वाटसरूंच्या पाण्याची काळजी वाहते, याचं मला कधी नवल वाटलं नाही. वाटेवरचं पाणी म्हणजे काय हे तिच्या रक्तात होतं. तिचं नाव आपण पाट्यांवर लिहिलं. तिच्या माणसांना रस्त्यावर हॉर्न वाजवून बाजूला करणं आता तरी थांबावं.

या जिल्ह्यानं अजून एक मोठं काम केलं, आणि त्याचा दुसरा चेहराही आपण बघायला हवा. राळेगण सिद्धीनं आणि त्यानंतर हिवरे बाजारनं डोंगर राखायचा मंत्र सगळ्या देशाला दिला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. हिवरे बाजारच्या टेकडीवर आज गुडघाभर गवत डुलतं. ते गावकरी कापून आणतात, गोठ्यात घालतात, दूध वाढतं, विहिरींना पाणी राहतं. पोपटराव पवारांच्या गावानं केलेला हा चमत्कार मी मनापासून मानतो. उघडा बोडका डोंगर पुन्हा हिरवा करायचा तर त्याला काही वर्षं जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवावंच लागतं. पण कापून आणलेलं गवत गोठ्याला उपयोगी पडतं. ज्याच्याकडं गोठा नाही, गाय नाही, जमीन नाही, फक्त मेंढरं आहेत, त्याच्यासाठी डोंगर बंद म्हणजे घरच बंद. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९० च्या दशकात पाणलोटाचं काम झालं. टँकरवर जगणाऱ्या गावाला पाणी मिळालं, आणि त्याचं कौतुक जगभर झालं. चराईबंदीची झळ मात्र तिथंही आधी मेंढपाळांना लागली. जॉन केर या अभ्यासकानं महाराष्ट्र आणि आंध्रातल्या पाणलोट प्रकल्पांचा धांडोळा घेऊन २००२ साली हेच मांडलं: जिथं माती-पाणी सगळ्यात चांगलं राखलं गेलं, तिथं फायदा बहुतेक जमीनवाल्यांच्या पदरात पडला आणि किंमत सामायिक रानावर जगणाऱ्यांनी मोजली.

तिकडं कर्जत, श्रीगोंद्याच्या माळांवर माळढोकासाठी अभयारण्य झालं, १९७९ साली. पक्ष्यासाठी गवत राखायला हवं, यात शंका नाही. पण ज्या मेंढरांच्या फिरण्यानं ते गवताळ माळ शतकानुशतकं माळ राहिले, त्यांना पाहुणं मानायचं की चोर, हे ठरवायला कोणी धनगराशी बोलायला बसलं नाही. आणि दुष्काळात चाऱ्याच्या छावण्या उभ्या राहतात त्या दावणीच्या जनावरांच्या हिशेबानं. मेंढरू दावणीला बांधून जगत नाही. त्याचे पाय चालले तरच त्याचं पोट चालतं.

चराईबंदीच्या या प्रश्नावर ज्यांनी शहाणपणानं काम केलं त्यांनी डोंगर एकदम बंद केला नाही. त्याचे तुकडे केले. एक तुकडा राखायचा, दुसरा चरायला ठेवायचा, काही वर्षांनी अदलाबदल. बैठकीत मेंढक्याला बोलावलं, त्याच्याकडून शब्द घेतला आणि त्याला शब्द दिला. जिथं हे झालं तिथं राखणदार ठेवायची गरज कमी पडली, कारण धनगरच राखण करू लागला. बाहेरच्या कळपाला तोच अडवायचा. आपली पाळी कधी येणार हे माहीत असलेला माणूस दुसऱ्याची पाळी मोडत नाही.

जगात दोन्ही वाटांची उदाहरणं आहेत. नायजेरियात शेतकरी आणि फुलानी गुराखी यांच्यातली जुनी देवाणघेवाण मोडली. शेणखताच्या बदल्यात धसकटं चारायची, हीच आपल्यासारखी रीत तिथंही होती. बेन्यू राज्यानं २०१७ साली मोकळ्या चराईवर बंदीचा कायदा केला. रक्त सांडायचं त्यानंतरही थांबलं नाही. उलट स्पेनमध्ये १२७३ साली राजानं मेंढपाळांच्या संघाला सनद दिली, आणि त्यांच्या वाटा कायद्यानं राखल्या. मधल्या काळात त्या वाटांवर अतिक्रमणं झाली. १९९५ साली त्या देशानं पुन्हा कायदा करून सांगितलं की या वाटा सगळ्यांच्या मालकीच्या आहेत आणि त्या विकता येणार नाहीत. माद्रिदमध्ये १९९४ पासून शरदात एक दिवस मेंढरं शहराच्या मधोमध चालत जातात. १४१८ सालच्या करारानुसार मेंढपाळ नगरपालिकेला वाटेचा जुना कर नाण्यांत मोजतात. रस्त्याच्या कडेला लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे राहतात.

आपल्याकडं कायदा अगदीच मुका नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तो कागदावरून उतरून गावसभेच्या ठरावात यायला हवा. मेंढीपालनासाठी राज्य सरकारची महामेष योजना आहे, पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराई अनुदानही आहे. ते पोचतं तिथं घराला आधार होतो. पण पैसा गवताची जागा घेत नाही, आणि गवत वाटेशिवाय मिळत नाही.

मला वाटतं, उपाय आपल्याच कालव्यावर आहे. मामाच्या रानात पाण्याची पाळी मी लहानपणापासून पाहिली. धरणाचं आवर्तन सुटलं की पाणी कोणाला, कधी, किती वेळ, हे आधी लिहिलेलं असतं. अर्ज भरायचा, नाव लागतं, पाटकरी येऊन सांगतो, रात्री दोनला का होईना, आपली पाळी आली की दार उघडायचं, संपली की बंद करायचं. भांडणं होतात, दारं फोडली जातात, पण शेजपाळी आहे म्हणून हजारो माणसं एकाच पाटावर पीक काढतात. पाण्यासारखी जीवघेणी वस्तू जे शेतकरी वेळेनं वाटून घेतात, त्यांना रान वेळेनं वाटून घेणं अवघड जाणार नाही.

म्हणून दिवाळीच्या आधीची एक गावसभा वाड्यांसाठी असावी. तिथं येणाऱ्या वाड्यांचे पुढारी बोलवावेत, फोन आता सगळ्यांकडं आहेत. कोणत्या शिवारात कोणतं पीक कधी निघणार, कोणाला मेंढरं बसवून हवी आहेत, कोणाच्या रानात ठिबक आहे आणि तिथं जायचं नाही, हे त्या दिवशी ठरावं. रासायनिक खताचे भाव बघता मेंढरं बसवून घ्यायला तयार असलेले शेतकरी आजही निघतील. त्यांना वाडा कुठं आहे हे कळत नाही, एवढंच. पाणंद रस्ते मोकळे करायची मोहीम सरकार ट्रॅक्टरसाठी चालवतं. त्याच रस्त्यांची नोंद मेंढरांची वाट म्हणूनही व्हावी, आणि वाटेत एका हातपंपाजवळ कळपापुरती लांब दगडी डोणी असावी. बाभळीच्या शेंगा कोणी झाडायच्या, काठीच्या आकडीनं फांद्या किती सवळायच्या, हेही बोलून घ्यावं, कारण निम्मी भांडणं त्या आकडीवरूनच पेटतात. नुकसान झालंच तर पंचनाम्याला गावाची दोन माणसं आणि वाड्याची दोन माणसं एकत्र बसावीत, पोलीस त्यानंतर. आणि डोंगर राखायचा असेल तेव्हा राखणीचा नकाशा धनगराला सोबत घेऊन काढावा.

यात सावेडीचाही वाटा आहे. आपण इथं प्लॉट घेतले, कंपाउंड घातली, मोकळ्या जागांना तारा ठोकल्या. जी रिकामी रानं वाड्यांना विसाव्याला मिळायची, ती आपल्या घरांखाली गेली. शेतकरी आणि धनगर यांच्या भांडणाकडं आपण दुरून बघतो आणि ते खेड्यातलं समजतो. पण शेतकऱ्यावर वाढत जाणारा ताण आणि धनगराची आक्रसत जाणारी वाट, या दोन्हींच्या मागं आपल्या वाढत्या शहराची भूक आहे. उपनगराबाहेरचे नवे लेआउट आखताना जुनी शिववाट रस्त्याच्या कडेनं रुंद मोकळी ठेवली, एका मोकळ्या भूखंडावर कार्तिकात आणि ज्येष्ठात चार रात्री वाड्याला बसू दिलं, तर शहराचं काही जाणार नाही. आपल्या लेकरांना मात्र कोकरू हातात घ्यायला मिळेल आणि दूध, मांस, लोकर कुठून येते ते कळेल.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी गवताळ माळांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलं आहे. परिषदा होतील, फलक लागतील. मला त्यातून एकच गोष्ट आपल्या गावांत उतरलेली हवी आहे. शेजपाळीचा एक नियम मामानं मला बांधावर बसून शिकवला होता: पाणी आधी शेवटच्या टोकाच्या माणसाला, मग वरवर येत धरणाजवळच्या. धरणाजवळच्याला पाणी कधीही मिळतं. शेवटच्याचं नाव आधी लिहिलं नाही, तर त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. रानाच्या बाबतीत शेवटच्या टोकाला धनगर उभा आहे. त्याच्याकडं सातबारा नाही, तो मतदानाच्या दिवशी गावात असेलच असं नाही, त्याची लेकरं शाळेच्या पटावर वर्षभर टिकत नाहीत. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावानं रानाचा आराखडा करताना पहिल्या ओळीत त्याची पाळी लिहावी: कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेनं, कोणत्या रानात, किती रात्री. बाकीच्या सगळ्यांच्या पाळ्या त्यानंतर बसवता येतात. कालव्यावर आपण त्या पिढ्यान्‌पिढ्या बसवत आलो आहोत.